नेपथ्याला पहिलं, प्रकाशयोजनेला दुसरं: म्हणजे नेमकं कशाला?

हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्राचा निकाल पेपरात आला की आपण आधी पहिलं आलेलं नाटक बघतो. मग अभिनयाच्या रौप्यपदकात ओळखीचं कोणी आहे का, ते शोधतो. मधल्या दोन-तीन ओळी सहसा कोणी वाचत नाही. नेपथ्य प्रथम, द्वितीय. प्रकाशयोजना प्रथम, द्वितीय. रंगभूषा प्रथम, द्वितीय. अभिनय जमला की फसला हे टपरीवर चहा पिणारा माणूसही सांगतो, पण दिव्यांना नंबर कसा देतात? ज्यानं जास्त दिवे लावले त्याला पहिला?

नाटक सुटल्यावर पार्किंगमध्ये आपण म्हणतो, "सेट एक नंबर होता." मला ही दाद निम्मी तक्रारच वाटते. दोन तास बसून घरी जाताना पात्रांच्या आधी भिंत आठवत असेल, तर त्या भिंतीचं काहीतरी चुकलंय.

आधी शब्द उरकून घेऊ. रंगमंचावर जे काही मांडलेलं दिसतं, भिंत, दार, खाट, ओटा, ते नेपथ्य. कुठला दिवा कुठून, किती, कधी आणि कुठल्या रंगात, हे ठरवणं म्हणजे प्रकाशयोजना. अंगावर काय ती वेशभूषा, चेहऱ्यावर आणि केसांवर काय ती रंगभूषा. बक्षिसं वेगवेगळी मिळतात म्हणून ही कामंही वेगवेगळी वाटतात. पण सगळ्यांसमोर प्रश्न तोच असतो: प्रेक्षकानं आत्ता कुणाकडे बघायचं, आणि त्या माणसाबद्दल न सांगता काय कळायला हवं?

एक नाटक धरून चालू

नुसत्या तत्त्वावर बोललं की कळल्यासारखं वाटतं आणि कळत काहीच नाही. म्हणून एक नाटक कल्पू. यावल तालुक्यातलं गाव, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर. जूनच्या पहिल्या वादळात कापणीला आलेली केळीची बाग आडवी झालेली. घरात म्हातारी आई, दोन मुलगे, मोठी सून. धाकटा पुण्याहून वाटणीचे कागद घेऊन आलाय. प्रवेश तीन: वादळाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार, वीज गेलेली रात्र आणि तलाठी पंचनाम्याला येतो ती सकाळ.

कथा साधी आहे, मुद्दाम तशी घेतली. आता हे स्टेजवर उभं करायचं.

घर किती दाखवायचं?

पहिला मोह असतो सगळं दाखवायचा. मातीच्या भिंती, सागाचे खांब, कोनाडा, धाब्याखालचे लाकडी सर, मोरी, दिवळीतला दिवा, पुरणपोळीचं खापर. हौशी संघ इथेच अडकतात. प्लायवूडची धाब्याची भिंत कितीही रंगवली तरी पाचव्या रांगेतल्या माणसाला ती प्लायवूडच दिसते, आणि त्याचं निम्मं लक्ष 'किती हुबेहूब केलंय' यात जातं. शिवाय स्पर्धेत तोच रंगमंच रोज वेगळ्या संघाचा. टेम्पोतून माल उतरवायचा, काही तासांत उभा करायचा, रात्री पुन्हा खोलायचा. जे सुटं होत नाही ते येतच नाही.

मग ठेवायचं काय? ज्याला कुणीतरी हात लावणार आहे ते. आई पूर्ण दुपार ज्याला टेकून बसते तो एक खांब, हवाच. बाज हवी, कारण धाकटा त्या बाजेवर बसतो आणि मोठा एकदाही बसत नाही. ओटा हवा. फूटभर उंच ओट्यावर उभा राहून मोठा भाऊ बोलतोय आणि धाकटा खाली अंगणात आहे, एवढ्यानं अर्धं नातं कळतं. तिसऱ्या प्रवेशात कागदावर अंगठा घ्यायला धाकटा ओट्यावर चढला की उरलेलं अर्धंही कळतं. कोनाडा कशाला हवा? त्यात कोणी काही ठेवणार नसेल तर नकोच.

दारासारखी साधी गोष्ट घ्या. घरात दार आत उघडतं की बाहेर याचा आपण विचार करत नाही. स्टेजवर ते सहसा विंगेच्या बाजूला उघडतं आणि बिजागरी मागच्या कडेला ठेवतात. तसं केलं की दार उघडून आत येणारा नट प्रेक्षकांकडे तोंड ठेवून येतो आणि उघडं दार कुणाला झाकत नाही. उलट बसवलं तर प्रत्येक एन्ट्रीला पाठ. अशा गोष्टी कोणाच्या नजरेत भरत नाहीत, पण परीक्षक त्या बघतो.

आणि नाट्यगृहातल्या कोपऱ्यातल्या खुर्च्या. डाव्या टोकाला बसलेल्या माणसाला उजव्या विंगेचं पोट दिसतं आणि डावीकडची भिंत दिसतच नाही. नेपथ्यकारानं त्या दोन खुर्च्यांत स्वतः बसून बघायला हवं. फार कमी जण बसतात.

पण मग केळीची बाग कशी दाखवणार?

दाखवायचीच नाही. मागच्या पडद्यावर पडलेली बाग रंगवली तर ते चित्र पहिल्या मिनिटाला बघून होतं आणि मग तासभर नटांच्या मागे पडून राहतं. दोन-चार खरी खोडं आणून टाकली तर ती दोन-चार खोडंच दिसतात, बाग दिसत नाही.

माझ्या मते बाग प्रेक्षकांत असावी. म्हणजे पात्रं बागेकडे बघतात तेव्हा थेट आपल्याकडे बघतात. आई पुढे येऊन समोर नजर टाकते, डावीकडून उजवीकडे हळूहळू, आणि एका जागी थांबते. बागेचं काय झालंय ते आपण तिच्या चेहऱ्यावर वाचतो. खर्च शून्य. अट एकच, सगळ्या पात्रांना बागेचा नकाशा एकसारखा ठाऊक हवा. विहीर कुठे, बांध कुठे, पडलेला पट्टा कुठून कुठपर्यंत. आईची विहीर डावीकडे आणि तलाठ्याची उजवीकडे झाली की सगळं मुसळ केरात.

सोबत एक गोष्ट ठेवीन: ओट्यावर टाकलेला एक घड. पहिल्या प्रवेशात हिरवा, तिसऱ्यात काळा पडलेला. मधे किती दिवस गेले ते कोणी सांगायला नको. दोन घड आणून ठेवायचे आणि अंधारात बदलायचे. आपल्या भागात केळीच्या घडासाठी कोणी अडून राहत नाही, ही खानदेशी रंगभूमीची छुपी श्रीमंती.

दिवा कुठून येतो?

घरी करून बघा. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च कुणाच्या तरी हनुवटीखाली धरा. भूत. डोक्यावर धरा. डोळ्यांच्या जागी खोबण्या, माणूस आजारी. समोर डोळ्यांच्या रेषेत धरा. चेहरा पोळीसारखा सपाट. आता थोडं बाजूला आणि वर, साधारण ४५ अंशांवर. नाक, गाल, डोळे जागच्या जागी आले. अमेरिकेतल्या स्टॅन्ली मॅककँडलेस या शिक्षकानं १९३२ साली हीच गोष्ट पद्धत म्हणून मांडली: प्रत्येक जागेला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून दिवे, एक किंचित उबदार रंगाचा, एक किंचित थंड. आजही फोकस लावायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. मागून एक दिवा मारला की डोक्याला-खांद्याला उजेडाची कड येते आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा होतो.

प्रकाशयोजनाकार आधी एवढं करतो, चेहरा दिसेल असं बघतो. बाकी सगळं नंतर. 'वातावरण निर्माण केलं' या नावाखाली ज्या नाटकात दोन अंक चेहरेच दिसत नाहीत, त्याला मी तरी मार्क देणार नाही.

आपल्या नाटकातली वादळानंतरची दुपार. खानदेशातली जूनची दुपार म्हणजे काय ते बाहेरच्याला समजवावं लागतं, आपल्याला नाही. अंगणात उजेड पांढरा, टोचणारा, वरून. ओसरीत एकदम काळोख. म्हणजे अंगणाला रंग न लावलेला कडक दिवा, ओसरीला जवळपास काहीच नाही, आणि आई त्या दोन्हींच्या सीमेवर, खांबाशी. ती हात बाहेर काढते तेव्हा फक्त हात उजळतो.

मग रात्र. वीज गेलेली, कंदील. कंदिलाच्या खऱ्या वातीनं अर्धा स्टेजही दिसत नाही, आणि बऱ्याच नाट्यगृहांत उघडी ज्योत चालत नाही. म्हणून कंदिलात सेलवरचा छोटा बल्ब, आणि चेहऱ्यावरचा उजेड येतो वरच्या बारवरच्या एका स्पॉटमधून, ज्याच्यापुढे जिलेटिन, म्हणजे उष्णता सोसणारा रंगीत पारदर्शक कागद, पिवळसर रंगाचा लावलेला असतो. मोठी सून काच वर करते, काडी ओढल्याचं करते, काच खाली करते आणि त्याच क्षणी स्पॉट हळू वर येतो. ऑपरेटर एक सेकंद आधी आला तर सगळं सभागृह हसतं. एक सेकंद उशिरा आला तर सून पेटलेल्या कंदिलाकडे आशेनं बघत उभी. म्हणूनच क्यूशीट, म्हणजे कुठल्या वाक्यावर किंवा हालचालीवर कुठला दिवा बदलायचा याची यादी. हा प्रवेश पाच-सात वेळा फक्त काच वर-खाली करण्यासाठी तालमीत घ्यावा लागतो, आणि सुनेचं काम करणारी बाई वैतागते. वैतागू द्यावं.

कंदिलाच्या पलीकडे अंगणात चांदणं, म्हणजे निळा. निळी रात्र हा अर्धा संकेत आहे आणि अर्धं डोळ्याचं वागणं. उजेड अगदी कमी झाला की डोळ्याला लाल रंग काळपट होत जातो आणि निळसर गोष्टी त्या मानानं उजळ वाटतात. शिवाय अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. भर उजेडातून एकदम ब्लॅकआउट केला की प्रेक्षकाला काही दिसत नाही हे खरं, पण ओट्यावरून उतरणाऱ्या म्हातारीलाही काही दिसत नाही. म्हणून ओट्याच्या कडेला अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या पट्टीचे छोटे तुकडे. घड बदलणाऱ्याच्या वाटेवरही.

आई नऊवारीतच हवी का?

खेड्यातली बाई म्हटलं की नऊवारी, पाटील म्हटला की फेटा, ही सवय आपल्याला कुठल्या तरी जुन्या नाटकानं लावली आणि ती जाता जात नाही. आजच्या यावल-रावेरकडच्या घरात दुपारी जाऊन बघा. सासूबाई पाचवारीत, सूनबाई गाऊनवर, खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी, आणि ओट्यावर कोणी परका दिसला की तोच टॉवेल डोक्यावर जातो. तो टॉवेल ही मला हजार रुपयांच्या साडीपेक्षा मोलाची वेशभूषा वाटते. तलाठी येतो तेव्हा सुनेचा हात आपोआप टॉवेलकडे जातो, धाकटा दीर येतो तेव्हाही जातो, पण जरा उशिरा. पदराचं काम टॉवेल करतो आणि काळही सांगतो.

एके काळी वेशभूषा हेच आकर्षण होतं. बालगंधर्वांचे शालू आणि दागिने बघायला लोक येत, बायका त्यांच्यासारखं नेसायला बघत. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. ती रंगभूमी मोठीच होती, पण तिचा प्रश्न वेगळा होता. आपल्या नाटकात आईकडे बघून कोणाला तसं नेसावंसं वाटलं, तर आपलं काहीतरी बिनसलं.

कापड निवडताना अंतर विसरू नका. निरोगी डोळ्यालाही २० मीटरवरून ५-६ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. म्हणजे मागच्या रांगेला नाजूक बुट्टी, बारीक काठ, शर्टाच्या चौकटी यातलं काही पोचत नाही. पोचतो तो रंग, आकार आणि कापडाचा भार. धाकट्याचा शर्ट महाग आहे हे ब्रँडवरून नाही, इस्त्रीच्या घडीवरून आणि पायातल्या बुटांवरून कळतं. सगळं घर अनवाणी आणि तो एकटा ओट्यावर बूट घालून.

पांढऱ्या कपड्याला जपावं. कडक दिव्याखाली शुभ्र सदरा एवढा उजळतो की वरचा चेहरा काळवंडतो. म्हणून जुनी युक्ती: सदरा पातळ चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. हातात घेतला तर मळका वाटतो, दिव्याखाली पांढराच दिसतो. कोपरे, कॉलर आणि खिशाची कड सँडपेपरनं थोडी घासली की दुकानातून आजच आणलेला सदरा दहा वर्षं अंगावर असल्यासारखा होतो.

दिवा आणि कपडा एकत्र आले की काय होतं याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच भागात आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावची राजवाडी होळी. नवस फेडणारे बावा-बुध्या रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसं लावलेला उंच टोप. ते नाटक नाही, व्रत आहे, हे आधी नीट ध्यानात ठेवू. तरीही डोळे उघडे ठेवून बघणाऱ्याला त्यात खूप काही सापडतं. हलत्या जाळाच्या उजेडात सावळ्या अंगावरचे ठिपके लांबून दिसतात. टोपामुळे गर्दीतही आकार ओळखू येतो. आणि भोपळे-घुंगरांमुळे माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. कुठल्या उजेडात, किती अंतरावरून, किती गर्दीत, याची उत्तरं तिथे पिढ्यान् पिढ्या तयार आहेत.

कुंकवाचं काय झालं?

समजा, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. रंगभूषाकारानं मोठ्या सुनेच्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू लावलं. प्रकाशयोजनाकारानं भांडणाच्या प्रसंगाला गडद लाल दिवा ठरवला. प्रयोगात लाल दिवा लागला आणि कुंकू गायब. लाल उजेडात कातडी आणि कुंकू दोन्ही सारखाच उजेड परत फेकतात, वेगळं असं काही दिसत नाही. नवरा शेजारी उभा आणि बाई विधवा! निळ्या दिव्यात तेच कुंकू काळं होतं. हिरव्या दिव्यात लाल साडी काळपट तपकिरी. कापडाचा रंग कापडात असतो असं आपण समजतो. खरं म्हणजे त्या उजेडात जो रंग आहे, त्यातलाच काही भाग कापड परत पाठवू शकतं.

खाणाऱ्याला वांग्याच्या भरतात वांगी भाजलेल्या काड्यांचा धूर वेगळा काढून दाखवता येत नाही, वांगं वेगळं नाही आणि मिरची वेगळी नाही. प्रेक्षकाला नाटक असंच एकजीव मिळतं. म्हणून कापड विकत घेण्याआधी हातभर तुकडा आणून त्याच जिलेटिनखाली धरून बघायचा, आणि ओट्याला जो रंग द्यायचा त्याच्या शेजारी. आईची साडी आणि मातीची भिंत एकाच रंगाची निघाली तर आई भिंतीत विरते. कधी तेच हवं असतं, पण ते ठरवून व्हावं.

काहीच न मांडता नाटक होत नाही का?

होतं, आणि उत्तम होतं. 'घाशीराम कोतवाल'मध्ये १९७२ साली एका रांगेत उभी राहिलेली माणसंच पडदा झाली, भिंत झाली, वळून पाठमोरी झाली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६२ साली, 'तो मी नव्हेच'नं फिरता रंगमंच आणला होता. दोघांपुढचा प्रश्न सारखाच: जागा पटकन बदलायची कशी? एकानं यंत्र लावलं, एकानं माणसं. तेव्हा 'आमच्या नाटकाला सेट नाही' म्हणणाऱ्या संघानंही निर्णय घेतलेलाच असतो. फक्त तो घेतलाय की परवडत नाही म्हणून आपोआप झालाय, हे प्रयोगात लगेच कळतं.

मग मागे एलईडी भिंतच लावू की

हल्ली हा प्रश्न प्रत्येक मंडळात निघतो. मागे मोठा स्क्रीन, त्यावर बाग, वादळ, पाऊस, सगळं. मला त्याचं वावडं नाही, नृत्याच्या किंवा महानाट्याच्या कार्यक्रमात तो शोभतो. पण आपल्या नाटकात तो आईशी भांडेल. स्क्रीन स्वतःच उजेड फेकतो, त्याच्यापुढचा चेहरा आपोआप काळा पडतो. तो उजळायला पुढचे दिवे वाढवायचे, की ओसरीतला काळोख गेला. आणि हलतं चित्र दिसलं की डोळा तिकडे जाणारच, त्याला कितीही समजवा.

आमच्या गावच्या स्टेजला हे जमेल का?

जमेल, फक्त आधी विजेचा हिशेब करा. जुना हॅलोजनचा दिवा साधारण १००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर. १६ अँपिअरच्या एका पॉवर प्लगवर असे तीन दिवे चालतात, चौथा लावला की वायर तापते. दहा दिवे म्हणजे ४३ अँपिअर, ते मंडपातल्या एका बोर्डावरून ओढायचे नाहीत. 'पार' प्रकारचे एलईडी दिवे दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागतात, रंगही लगेच बदलतात, म्हणून सगळे त्यांच्याकडे वळलेत. पण स्वस्तातले लाल-हिरवा-निळा मिसळून जो पांढरा करतात त्यात माणसाची कातडी कावीळ झाल्यासारखी किंवा जांभळट दिसते. चेहऱ्यासाठी दोन-तीन हॅलोजन ठेवावेत आणि मागच्या रंगासाठी एलईडी, असा मेळ मला बरा वाटतो. साधा रंगीत पतंगी कागद हॅलोजनपुढे कधीही लावू नका, तो पेटतो. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी हवीच.

आणि टेम्पोत सेट चढवायच्या आधी त्या गावच्या कार्यकर्त्याला एक फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या: स्टेजपर्यंत थ्री फेज आली आहे का, आणि मेन स्विचची चावी कोणाकडे असते.